एका डॉलरची गच्ची

(स्मृती व्याख्यानमालेच्या समारोपाला दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)



या मालेतलं शेवटचं पुष्प गुंफण्यासाठी चिटणीसांचा फोन आला. त्यांनी विषय विचारला आणि मी म्हणालो, ‘एम्पायर स्टेट बिल्डिंग’. पलीकडे जरा शांतता पसरली. मग ते हळूच म्हणाले, ‘म्हणजे न्यूयॉर्कची? आपल्याकडचं काही नाही का हो?’ शंका रास्त होती. आपल्याकडचं आहे आणि शेवटी मी तिथेच येणार आहे. पण जरा लांबच्या वाटेने. तेवढी मुभा वक्त्याला असतेच, आणि दारं बंद असल्यामुळे तुम्हालाही उठून जाणं अवघड आहे.

प्रश्न साधा आहे. उंच इमारती जगात पैशाला पासरी झाल्या आहेत. खुद्द न्यूयॉर्कमध्ये एम्पायर स्टेटहून उंच अशा अर्ध्या डझनाहून अधिक इमारती आज उभ्या आहेत. मग न्यूयॉर्क म्हटल्यावर डोळ्यांपुढे हीच का येते? बाकीच्यांची नावं इथे किती जणांना सांगता येतील? ही एक मात्र शाळकरी पोरालाही माहीत असते. असं का?

उंची हे त्याचं उत्तर नाही, कारण उंचीचा मान जाऊनही तिला पन्नासहून अधिक वर्षं झाली. सौंदर्य म्हणाल, तर जाणकार न्यूयॉर्कमधल्याच क्रायस्लर बिल्डिंगच्या पारड्यात वजन टाकतील, आणि मीही टाकेन. माझं उत्तर वेगळं आहे. या इमारतीने पहिल्याच दिवसापासून रस्त्यावरच्या माणसाला तिकीट काढून वर येऊ दिलं. हे तिने औदार्यापोटी केलं नाही. गरजेपोटी केलं. ती गरज कशी निर्माण झाली, ही सगळी गोष्टच मोठी गमतीची आहे.

गोष्ट सुरू होते १९२९ साली. दोन माणसं लक्षात ठेवा. एक अल स्मिथ. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत वाढलेला, शाळा सोडून मासळीबाजारात राबलेला आणि पुढे चार वेळा न्यूयॉर्क राज्याचा गव्हर्नर झालेला माणूस. १९२८ साली तो राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला आणि हर्बर्ट हूवर यांच्याकडून सपाटून हरला. दुसरा जॉन रास्कोब, जनरल मोटर्सच्या अर्थकारभारात मुरलेला धनाढ्य, स्मिथच्या प्रचाराचा सूत्रधार. निवडणूक हरलेल्या या दोघांनी ठरवलं की जगातली सर्वांत उंच इमारत बांधायची. फिफ्थ ॲव्हेन्यूवर ३३ व्या आणि ३४ व्या रस्त्यांच्या मधे वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया नावाचं बडं हॉटेल होतं. ते पाडायचं आणि त्या जागी ही उभी करायची.

त्याच सुमाराला मोटारींच्या धंद्यातला प्रतिस्पर्धी वॉल्टर क्रायस्लर आपली इमारत चढवत होता. त्याची वॉल स्ट्रीटवरच्या दुसऱ्या एका इमारतीशी चुरस लागलेली. क्रायस्लरच्या वास्तुविशारदाने १८५ फुटांचा सुळका इमारतीच्या पोटात गुपचूप जोडून ठेवला आणि २३ ऑक्टोबर १९२९ रोजी तासा-दीड तासात तो वर काढून उभा केला. १,०४६ फूट! प्रतिस्पर्धी बघतच राहिला. आणि दुसऱ्याच दिवशी, २४ ऑक्टोबरला, शेअर बाजार गडगडायला लागला.

शहाणा माणूस इथे थांबला असता. स्मिथ आणि रास्कोब थांबले नाहीत. हॉटेल पाडायला घेतलं होतं, कर्जाची जुळवाजुळव चालू होती, आणि क्रायस्लरहून फक्त चार फूट उंच राहणं रास्कोबच्या जिवाला रुचत नव्हतं. मग युक्ती निघाली. वर २०० फुटांचा मनोरा बांधायचा आणि त्याला आकाशातली वायूने भरलेली हवाई जहाजं दोरीने बांधायची! युरोपातून आलेले प्रवासी शिडीवरून थेट ३४ व्या रस्त्याच्या डोक्यावर उतरणार. श्रोतेहो, हसू नका. कागदावर हे सगळं व्यवस्थित मांडलेलं होतं. वर वारा किती असतो, हे मात्र कुणी फारसं विचारात घेतलं नाही. १९३१ च्या सप्टेंबरात एक छोटं हवाई जहाज जेमतेम तीन मिनिटं तिथे बांधून राहिलं. दुसऱ्या एकाने दोरीने वर्तमानपत्रांचा गठ्ठा खाली सोडला. संपली बंदराची कहाणी! पण मनोरा राहिला, त्यामुळे उंची १,२५० फूट झाली, आणि हवं होतं ते तेवढंच होतं.

आता बांधकामाकडे येऊ. मला स्वतःला या विषयातलं सर्वांत जास्त आवडतं ते हेच, त्यामुळे इथे थोडा रेंगाळणार आहे.

इमारतीचा आकार कुणी ठरवला? विल्यम लॅम्ब या वास्तुविशारदाने, हे पुस्तकी उत्तर झालं. खरं तर निम्मा आकार १९१६ च्या एका कायद्याने ठरवला. त्याआधी शहरात एक अजस्र इमारत सरळसोट उभी राहिली होती आणि तिच्या सावलीने आजूबाजूचे रस्ते अंधारात गेले होते. लोकांनी आरडाओरडा केला, मग कायदा आला. इमारत वर चढताना टप्प्याटप्प्याने मागे सरली पाहिजे, रस्त्याला उजेड मिळाला पाहिजे. भूखंडाच्या एक चतुर्थांश भागावर मात्र मनोरा हवा तेवढा उंच नेण्याची मोकळीक. आपल्याकडे एफएसआय, म्हणजे भूखंडावर किती बांधता येतं त्याचं प्रमाण, म्हटलं की बिल्डरचे डोळे लकाकतात आणि शेजाऱ्यांच्या पोटात गोळा येतो. तिथे त्या नियमातून एक देखणा आकार निघाला. लॅम्बची स्वतःची अट आणखी एक होती. कचेरीतली कुठलीही जागा खिडकीपासून २८ फुटांहून लांब असता कामा नये. सगळ्या लिफ्ट मधोमध, भोवती खोल्या, आणि खोलीत उजेड. वर जाताना लिफ्टची गरज कमी होत जाते, म्हणून इमारतही निमुळती होत जाते.

१७ मार्च १९३० रोजी इमारतीचं काम सुरू झालं. १ मे १९३१ रोजी उद्घाटन. मधे साधारण ४१० दिवस. १०२ मजले, ५७ हजार टन पोलाद, एक कोटी विटा, ४१० दिवस! आपल्याकडे एवढ्या काळात एखाद्या उड्डाणपुलाचं भूमिपूजन दोनदा होतं. १ मेच का, हेही सांगतो. आपल्याला हा महाराष्ट्र दिन, कामगार दिन. न्यूयॉर्कमध्ये त्या काळी भाडेकरार १ मेपासून सुरू व्हायचे. ती तारीख चुकली की वर्षभराच्या भाड्यावर पाणी. घाई होती ती त्याची.

कामाच्या जागी साठवणीला इंचभर जागा नव्हती. पिट्सबर्गहून पोलादाची तुळई यायची ती क्रमांक घालूनच, आणि ट्रकवरून उतरली की थेट वर चढायची. विटा तळघरातल्या मोठ्या नरसाळ्यात ओतायच्या, तिथून छोट्या डब्यांत, डबे वर, आणि प्रत्येक मजल्यावर अंथरलेल्या रुळांवरून ते गवंड्याच्या हाताशी. ढकलगाडी नाही, पाटी नाही. जेवणाला खाली उतरण्यात वेळ जातो म्हणून मधल्या मजल्यांवरच उपाहारगृहं थाटली होती.

आणि रिव्हेट ठोकणारे! एका टोळीत चौघं. पहिला भट्टीजवळ बसून रिव्हेट लालबुंद करायचा आणि चिमट्याने उचलून थेट हवेत भिरकावायचा. दुसरा वीस-तीस फुटांवर तुळईवर उभा, हातात पत्र्याचा डबा. त्यात तो निखारा झेलायचा, झटकून भोकात बसवायचा. तिसरा एका बाजूने दाबून धरायचा आणि चौथा दुसऱ्या बाजूने हवेच्या हातोड्याने त्याचं डोकं चेपायचा. खाली फिफ्थ ॲव्हेन्यू, अंगाला दोर नाही. चौघांतला एक आला नाही तर बाकीचे तिघेही घरी, इतकी ती जमलेली लय. यांत आयरिश होते, इटालियन होते, कॅनडाच्या सीमेकडचे मोहॉक आदिवासी होते. ऐन भरात रोज ३,४०० माणसं कामावर असायची. लुईस हाइन नावाच्या छायाचित्रकाराने त्यांची चित्रं टिपली. हा तोच हाइन, ज्याने गिरण्यांमध्ये राबणाऱ्या लहान मुलांची छायाचित्रं काढून अमेरिकेला लाज आणली होती. अधिकृत नोंदीप्रमाणे या बांधकामात पाच माणसं दगावली. त्या काळाच्या मानाने कमी, असं म्हणायची पद्धत आहे. मी म्हणणार नाही.

एक बारकावा सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. या इमारतीचे फोटो पाहाल तेव्हा खिडक्यांच्या कडेने खालपासून वरपर्यंत गेलेल्या चकचकीत पोलादी पट्ट्यांकडे बघा. शोभेला वाटतात ना? त्यांचं खरं काम वेगळं. इंडियाना राज्यातून आलेल्या चुनखडीच्या दगडाची कड या पट्टीखाली झाकली जाते. म्हणजे प्रत्येक दगड कामाच्या जागी पुन्हा घासून बसवण्याची गरज उरली नाही. वेळ वाचला, मजुरी वाचली, आणि इमारतीला ते उभं तेज आलं. काटकसरीतून आलेला देखणेपणा मला दागिन्यांच्या देखणेपणापेक्षा मोठा वाटतो.

तर उद्घाटन झालं. वॉशिंग्टनमध्ये बसून राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी कळ दाबली आणि न्यूयॉर्कमध्ये दिवे लागले. ज्याने स्मिथला पाडलं, त्याच्याच हातून स्मिथच्या इमारतीचा दिवा! नियतीला विनोदबुद्धी असते, ती अशी. जमिनीसकट एकूण खर्च सुमारे ४ कोटी १० लाख डॉलर, म्हणजे अंदाजापेक्षा बराच कमी. मंदीत मजूर आणि माल दोन्ही स्वस्त झाले होते.

पण मंदी दुधारी असते. बांधकाम स्वस्त केलं तिने, आणि भाडेकरूही पळवले तिनेच. उद्घाटनाच्या वेळी जेमतेम पाव इमारत भरली होती. शिवाय जागा अडनिडी. वॉल स्ट्रीट एकीकडे, ग्रँड सेंट्रल स्टेशन दुसरीकडे, ही मधेच. लोक तिला ‘एम्प्टी स्टेट बिल्डिंग’, म्हणजे रिकामी इमारत म्हणू लागले. संध्याकाळी रिकाम्या मजल्यांवर मुद्दाम दिवे लावून ठेवत, म्हणजे दुरून भरल्यासारखी दिसावी, असं सांगतात.

मग जगली कशावर?

तिकिटावर! ८६ व्या मजल्यावरची मोकळी गच्ची आणि १०२ व्या मजल्यावरची बंदिस्त खोली. तिकीट एक डॉलर. मंदीत डॉलर ही थोडी रक्कम नव्हे, तरी माणसं आली. खेड्यातून आली, नवरा-बायको आली, शाळा आल्या, हनिमूनला आलेली जोडपी आली. पहिल्या वर्षी गच्चीचं उत्पन्न कचेऱ्यांच्या भाड्याच्या तोडीस तोड होतं. जगातली सर्वांत उंच कचेऱ्यांची इमारत, आणि तिचा संसार चालला कुणाच्या जिवावर? फिरायला आलेल्यांच्या! स्मिथने ते ओळखलं. तो मूळचा मासळीबाजारातला माणूस, गिऱ्हाइकाची जात त्याला कळायची. पाहुणे आले की हा माजी गव्हर्नर स्वतः वर जाऊन त्यांना शहर दाखवायचा, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो. १९३३ साली ‘किंग काँग’ आला आणि तो प्रचंड वानर पडद्यावर हिच्याच माथ्यावर चढला. एवढी फुकटची जाहिरात कुणाच्या नशिबी येते?

आता शेजाऱ्यांकडे बघा. क्रायस्लरमध्येही ७१ व्या मजल्यावर असं दालन होतं. १९४५ साली ते बंद झालं. वूलवर्थ इमारत, एके काळची जगातली सर्वांत उंच. तिचा माथा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बंद झाला. दोन्ही इमारती देखण्या, पण लोकांनी त्या फक्त खालून पाहिल्या, मान वर करून. मान वर करून आदर वाटतो. आपलेपणा वाटत नाही. ज्या गच्चीवर आपला बाप उभा राहिला, आईला चक्कर आली, धाकट्या बहिणीने रडून गोंधळ घातला, ती इमारत आपली होते. पिढ्यान्‌पिढ्या असं होत राहिलं, तर ती शहराची होते. माझा मुद्दा एवढाच आहे, बाकी सगळं त्याचा विस्तार.

विस्तार थोडक्यात सांगतो, कारण घड्याळ दिसतंय.

२८ जुलै १९४५, शनिवार, सकाळ. दाट धुकं. बी-२५ जातीचं लष्करी बॉम्बफेकी विमान वाट चुकलं आणि ७९ व्या मजल्यावर आदळलं. १४ जण गेले. एक इंजिन इमारत आरपार भेदून शेजारच्या छतावर पडलं. लिफ्ट चालवणारी एक तरुणी पंचाहत्तर मजले खाली कोसळली आणि जिवंत राहिली. पोलादी सांगाडा हलला नाही. सोमवारी बऱ्याच मजल्यांवर कचेऱ्या उघडल्या.

दोन वर्षांनी वेगळंच संकट आलं. १९४७ साली गच्चीवरून जीव देण्याचे प्रकार लागोपाठ होऊ लागले. व्यवस्थापनापुढे सोपा उपाय होता, गच्ची बंद करायची. त्यांनी काय केलं? कठड्यावर आत वळलेलं उंच कुंपण घातलं, पहारेकऱ्यांना माणूस ओळखायला शिकवलं आणि गच्ची चालू ठेवली. हे ध्यानात ठेवा, मला पुढे लागणार आहे.

१९७० साली वर्ल्ड ट्रेड सेंटरने उंचीचा मुकुट हिरावला. मालक अस्वस्थ झाले. १९७२ साली माथा उतरवून वर आणखी मजले चढवायचे, एकूण ११३ करायचे, असा बेत निघाला. सुदैवाने तो बारगळला. उंचीच्या मागे धावून चेहरा गमावला असता. १९८१ साली शहराने तिला संरक्षित वारसा वास्तू ठरवलं आणि असल्या बेतांना कायमचा अडसर बसला. २००१ साली वर्ल्ड ट्रेड सेंटरचे जुळे मनोरे कोसळले आणि ही पुन्हा शहरातली सर्वांत उंच इमारत झाली. असा मान कुणालाच नको होता.

दिव्यांचं बोललं पाहिजे. १९७६ पासून तिच्या माथ्यावर रंगीत दिवे लागतात. सण, स्मृतिदिन, खेळातला विजय, जसा प्रसंग तसा रंग. अलीकडे १५ ऑगस्टला ती केशरी-पांढऱ्या-हिरव्या रंगात उजळते आणि न्यू जर्सीतले आपले मराठी लोक फोटो काढून कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात टाकतात. तुम्हालाही आले असतील. पक्षी स्थलांतराच्या दिवसांत धुकं असलं की दिवे विझवतात, कारण झगमगाटाने पाखरं चकतात आणि आदळून मरतात. मला त्या रोषणाईइतकाच हा अंधारही आवडतो.

आणि खिडक्या. २००९ नंतर वीज वाचवण्यासाठी तिची मोठी दुरुस्ती झाली. ६,५०० च्या वर खिडक्या होत्या. नव्या विकत आणल्या का? नाही. पाचव्या मजल्यावर कारखानाच थाटला, जुन्या काचा काढल्या, मधे पातळ पडदा आणि वायू भरून त्याच काचा पुन्हा बसवल्या. ऊर्जेचा खर्च एक तृतीयांशाहून जास्त कमी करण्याचं गणित त्यामागे होतं. जुनी इमारत पाडून ‘हरित’ इमारत बांधणाऱ्यांनी ही इमारत आधी पाहून यावी.

सगळं गोड आहे असं मात्र नाही. आज गच्ची हा रोकडा धंदा आहे. मालक कंपनी २०१३ पासून शेअर बाजारात आहे आणि तिच्या हिशेबात गच्चीचा विभाग वेगळा मांडतात. एका डॉलरचं तिकीट आता चाळीस डॉलरच्या वर गेलंय, १०२ व्या मजल्याचे पैसे निराळे. रांग दालनांतून फिरवतात, खोट्या पार्श्वभूमीवर फोटो काढतात आणि बाहेर पडायची वाट दुकानातून. चौघांच्या कुटुंबाला हे परवडतं का? मंदीत एक डॉलर मोजणाऱ्या गड्याला आजचं तिकीट पेललं असतं का, मला शंका आहे. आता स्पर्धाही आहे. रॉकफेलर सेंटरची गच्ची २००५ साली पुन्हा उघडली, पुढे आणखी तीन-चार उघडल्या. गंमत अशी, की त्या गच्च्यांवर जाऊन लोक फोटो कशाचा काढतात? एम्पायर स्टेटचा!

आता शब्द दिल्याप्रमाणे आपल्याकडे येतो.

ज्या दशकात ही इमारत उभी राहिली, त्याच दशकात मुंबईत ओव्हल मैदानाच्या कडेला आणि मरीन ड्राइव्हवर तिच्यासारख्याच आर्ट डेको वळणाची घरं उठत होती. २०१८ साली युनेस्कोने ओव्हलभोवतीच्या त्या इमारतींना, समोरच्या व्हिक्टोरियन गॉथिक वास्तूंसह, जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्याच ओव्हलच्या दुसऱ्या बाजूला, मुंबई विद्यापीठाच्या आवारात, राजाबाई टॉवर आहे. २८० फूट, १८७८ साली पुरा झालेला, प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून आणि त्यांच्या आईच्या नावाने. एम्पायर स्टेटहून पन्नासहून अधिक वर्षांनी मोठा. पदवीवर या विद्यापीठाचा शिक्का मिरवणारे तुमच्यापैकी कितीतरी जण असतील. त्यांतले किती जण त्या मनोऱ्यावर चढले आहेत? हात वर करा. एकही नाही. कारण तो जिना सर्वसामान्यांना बंद आहे. एके काळी वर जाता येई, पण आत्महत्या झाल्या म्हणून बंद केला, असं सांगितलं जातं. मघाशी सांगितलेलं १९४७ चं कुंपण आठवा. संकट तेच, उत्तरं दोन. एकाने जाळी बसवली, दुसऱ्याने कुलूप लावलं.

आणि आजची उंच मुंबई? परळ, वरळी, ताडदेव, जिकडे बघावं तिकडे मनोरे. गिरण्यांच्या जमिनीवर उठलेल्या या इमारतींच्या फाटकाशी उभं राहून बघा. रखवालदार विचारतो, ‘कुणाकडे जायचंय?’ ज्याच्या आजोबांनी त्याच जागी साचे चालवले, त्याला आपलं शहर वरून कसं दिसतं ते बघायचं असेल, तर त्याने कुठे जायचं? विकास नियमांत हजार अटी असतात. अमुक मजल्यांच्या वरच्या प्रत्येक टोलेजंग इमारतीत एक गच्ची लोकांसाठी, माफक तिकिटात, ही अट घालणं इतकं अवघड आहे का?

हे होत नाही, असं म्हणू नका. मुंबई महापालिकेने २०२१ पासून आपलं मुख्यालय शनिवार-रविवारी मार्गदर्शकासह दाखवायला सुरुवात केली. जी वास्तू लोकांनी फक्त रस्त्यावरून पाहिली होती, तिच्या जिन्यावर लोक चढले. इमारतीचं काही बिघडलं नाही.

म्हणून माझी विनंती विद्यापीठाच्या धुरीणांना आहे, आणि तुम्हीही आपल्या सहीनिशी ती करावी. राजाबाई टॉवरचा जिना उघडा. जाळी बसवा, दहा-दहा जणांच्या तुकड्या करा, सोबत जाणता मार्गदर्शक द्या, आठवड्यातून दोन दिवस चालेल. तिकीट लावा, पण ते शंभर रुपयांच्या आत ठेवा आणि शाळेच्या मुलांना फुकट सोडा. विनंतीचा मसुदा मी चिटणीसांकडे दिला आहे, तो बाहेरच्या टेबलावर ठेवलेला आहे. जाताना सही करून जा.